जुन्या रोइंग क्लबची पाटी रंगवायला आली आहे. मराठीत काय लिहू?

पेंटरची लेक | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गिरगावात आमचं साइनबोर्डचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि एक जुना कारागीर असे दोघं चालवतो. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवायच्या पाट्या फार कमी येतात, म्हणून एखादी आली की मी तिच्यात जरा जास्तच गुंतते.

गेल्या आठवड्यात टेम्पोतून एक सागवानी पाटी आली. सहा फूट लांब, अडीच फूट उंच, दीड इंच जाड. दोघांनी उचलून आत घेतली तर दम लागला. मुंबईबाहेरच्या एका शहरात नदीकाठी जुना रोइंग क्लब आहे, त्याच्या फाटकावरची ही पाटी. क्लबचं नाव मी लिहिणार नाही, कारण कमिटीने अजून सभासदांना काही सांगितलेलं नाही. कृपया कुणी तर्क लढवू नका.

पाटीवर वर मधोमध दोन वल्ही, एकमेकांवर फुली मारल्यासारखी. त्याखाली इंग्रजीत नाव, मग स्थापनेचं साल, आणि अगदी खाली बारीक अक्षरात ‘फक्त सभासदांसाठी’, तेही इंग्रजीत. आता त्यांना नाव मराठीत हवंय, इंग्रजीच्या वर आणि इंग्रजीपेक्षा लहान नको. इथवर काहीच अडचण नाही. अडचण त्यांच्या चिठ्ठीतल्या पुढच्या ओळीत आहे: ‘रोइंग क्लबला मराठीत जे म्हणतात ते लिहावे.’

काय म्हणतात? दोन दिवस मी कागदावर लिहून लिहून बघतेय. नौकानयन क्लब, नौकाविहार मंडळ, वल्हे संघ. एकही शब्द वाचून डोळ्यांसमोर ती होडी येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

ऱ्हस्वदीर्घ | सोमवार, रात्री १०.४८

नौकाविहार अजिबात नको. त्या शब्दाने बागेतलं तळं आणि पायडल मारायची हंसाची बोट आठवते. विहार म्हणजे मौज, आणि हे लोक पहाटे पाच वाजता उठून घाम गाळतात.

नौकानयनाची अडचण वेगळी आहे. नयन म्हणजे नेणं. नौका कशाने न्यायची, शिडाने की वल्ह्याने की इंजिनाने, हे त्या शब्दात येतच नाही. वर्तमानपत्रं ऑलिम्पिकला वल्हं मारणाऱ्या दत्तू भोकनळला नौकानयनपटू म्हणतात आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीलाही नौकानयन स्पर्धाच म्हणतात. दोन्ही खेळ ऑलिम्पिकमध्ये वेगवेगळे, खेळाडू वेगळे, पाणीसुद्धा वेगळं. एकाला वारा लागतो, दुसऱ्याला वारा नको असतो. मराठीत मात्र दोघांना एकाच शब्दात कोंबलंय. पाटीवर तो शब्द गेला तर पन्नास वर्षं तिथे राहील. जपून.

चौपाटीकर | सोमवार, रात्री ११.०५

याच घोळामुळे मुंबईत लोकांना वाटतं की गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब म्हणजे बोट वल्हवायचा क्लब. तो शिडाच्या होड्यांचा, १८४६ सालापासूनचा. आपल्याकडे उघडा समुद्र आणि भरपूर वारा, म्हणून शीड. वल्ह्यांच्या शर्यतीला सपाट, संथ, सरळ पाणी लागतं, ते नदीवर आणि तळ्यावर मिळतं. पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ चा, चेन्नईचा मद्रास बोट क्लब १८६७ चा. तर्क लढवत नाही ताई, फक्त माहिती देतोय.

बो सीट | मंगळवार, सकाळी ७.३०

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांबलचक लिहितोय.

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. तिथला बोट क्लब १९२८ चा. चार वर्षं त्या पाण्यावर काढली. खरं सांगायचं तर आम्ही कधीच नौकानयन म्हणालो नाही. ‘बोट क्लबला चाललोय’, ‘उद्या रोइंग आहे’, ‘ओअर उचल रे’. शिव्या मात्र पूर्ण मराठीत.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: रोइंग करताना तुमची पाठ जायच्या दिशेला असते. कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो तेवढं दिसतं. बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते, पाय बुटांसकट होडीला जखडलेले असतात. लोकांना वाटतं सगळा जोर हाताचा. खरा जोर पायांचा. पाय ढकलायचे, मग पाठ उघडायची, हात शेवटी. दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर स्कलिंग. दोन्ही हातांनी मिळून एकच लांब वल्हं ओढायचं तर स्वीप. आठ जणांच्या होडीत प्रत्येकाकडे एकच वल्हं, आणि सुकाणूवर बसलेला कॉक्स हा एकटाच पुढे तोंड करून बसलेला माणूस. शर्यत २००० मीटरची.

मी होडीच्या नाकाजवळच्या टोकाच्या जागेवर, म्हणजे बो सीटवर, बसायचो, म्हणून हे सदस्यनाम.

ताई, एक विचारतो. पाटीवरच्या वल्ह्यांचं पातं कसं आहे? अरुंद आणि लांबट, चमच्यासारखं दोन्ही बाजूंनी सारखं, की एका बाजूला झुकलेलं, खाटकाच्या सुऱ्यासारखं रुंद?

खाडीवरचा | मंगळवार, दुपारी १.२०

वरळी कोळीवाड्यातून लिहितोय. शब्द शोधायला लांब कशाला जाता? वल्हं. वल्हवणं. माझा आजा वल्हवायचा, बाप इंजिनावर आला, मी कंपनीत. पण शब्द घरात आहे. होडीला आमच्याकडं होरी म्हणतात, ते पाटीवर नको, बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वल्हं मात्र सगळ्या महाराष्ट्राला कळतं. ज्यानं समुद्र बघितला नाही त्यालाही कळतं.

आज्यानं मला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती. वल्हं पाण्यात खोल खुपसायचं नाही. पातं झाकलं जाईल एवढंच. जास्त खोल गेलं की होडी पुढं जात नाही आणि खांदा जातो. बो सीट, तुमच्याकडं पण असंच असतं का?

बो सीट | मंगळवार, दुपारी १.५५

अगदी हेच, दादा. आमचे कोच सहा महिने हीच एक गोष्ट सांगत होते. वल्हं खोल गेलं तर वेळेत बाहेर निघत नाही. मग दांडा छातीवर येऊन आदळतो आणि माणूस उडून पाण्यात पडतो. त्याला आम्ही ‘क्रॅब पकडला’ म्हणायचो. आजोबांनी एका वाक्यात सांगितलं ते आम्ही सहा महिने शिकत होतो.

व्हेलर | मंगळवार, रात्री ९.१०

आणखी एक शब्द. कॉलेजात असताना मी एनसीसीच्या नौदल विभागात होते. आम्ही मुंबई बंदरात व्हेलर ओढायचो. २७ फुटी लाकडी होडी, पाच वल्ही, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. नौदलात त्याला रोइंग कुणी म्हणत नाही, पुलिंग म्हणतात. आमचे पेटी ऑफिसर मराठी होते, ते सरळ ‘ओढा’ म्हणायचे. ‘डावी बाजू ओढा, उजवी थांबा.’

पहिल्या आठवड्यात तळहातावर फोड आले. ते फुटले, आणि त्यावर खारं पाणी. रात्री भाताचा घास उचलता येत नव्हता, आईने भरवला. ती वल्ही जाड, जड आणि ओबडधोबड. त्यामुळे बो सीट म्हणतात तसली नाजूक होडी मी पहिल्यांदा फोटोत पाहिली तेव्हा ती मोडेल की काय असं वाटलं होतं.

माझं मत वल्ह्याला.

फोर्टातली कारकून | मंगळवार, रात्री ९.४०

पाटीच्या कायद्याबद्दल थोडं, कारण आमच्या ऑफिसात या विषयावर बरेच कागद फिरले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी आधी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपल्यावर महापालिकेने मुंबईत तपासणी सुरू केली. तेव्हा रातोरात कशा पाट्या लागल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

कायदा अक्षराची उंची बघतो, शब्द कुठला हे बघत नाही. म्हणून निम्म्या दुकानांवर इंग्रजी नाव जसंच्या तसं देवनागरीत उतरवलंय. क्लबने ‘मराठीत जे म्हणतात ते लिहा’ असं आपणहून सांगितलं याचं मला कौतुक वाटलं.

पेंटरची लेक | बुधवार, दुपारी ३.३०

सगळ्यांचे आभार. आज मोठी गोष्ट झाली, म्हणून दुपारीच लिहायला बसले.

आधी बो सीट यांचं उत्तर. पातं अरुंद आहे, लांबट, दोन्ही बाजूंनी सारखं. रंग गडद निळा, मधून पांढरा आडवा पट्टा.

आता मुख्य गोष्ट. जुना रंग काढताना आम्ही कधीच एकदम सगळा खरवडत नाही. आधी कोपऱ्यात रुपयाएवढी खिडकी पाडतो आणि पॉलिश पेपरने एकेक थर उतरवतो. झाडाच्या वलयांसारखी वलयं दिसतात. इथे हिरवा, मग करडा, पुन्हा हिरवा, मग काळा, असे सात थर निघाले. त्यावरून आधीच्या पाट्यांचे रंग कळतात. काल संध्याकाळी कारागीराने टेबल लॅम्प पाटीला लावून आडवा ठेवला, उजेड तिरका पडेल असा. जुन्या पाटीची अक्षरं रंग गेला तरी लाकडात राहतात. अक्षराखालचं लाकूड रंगामुळे उन्हापावसापासून वाचतं, आजूबाजूचं झिजतं, आणि अक्षर केसभर वर उरतं. बोट फिरवलं तर लागतं.

खालच्या पट्टीत, ‘फक्त सभासदांसाठी’च्या इंग्रजी ओळीखाली, बोटाला काहीतरी वेगळं लागलं. शिरोरेषा! मी श्वास धरून दोन तास तेवढाच भाग उतरवला. पाचव्या थराखाली काळ्यावर पांढरी, अडीच इंच उंचीची, देवनागरी ओळ निघाली:

‘होड्या भाड्यानें मिळणार नाहींत.’

म्हणजे या पाटीवर मराठी पहिल्यांदा येत नाहीये. आधीही होती. वरचं सगळं, नाव, साल, मान, इंग्रजीत. आणि मराठीत एवढं एकच वाक्य, रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही म्हणणारं.

मी तशीच बसून राहिले. कुणीतरी माझ्यासारख्याच पेंटरने ती ओळ काढली असणार. फार सुंदर काढलीय. र ची शेपटी अशी सुटलेली की एका दमात ब्रश ओढल्याचं कळतं. त्याला सांगितलं ते त्याने लिहिलं. आता माझी पाळी आहे, आणि या पाटीवर मराठीत काय बोललं जावं हे मला विचारलंय. म्हणून मला हा शब्द नीट हवा आहे.

ऱ्हस्वदीर्घ | बुधवार, दुपारी ४.१०

ताई, अंगावर काटा आला.

भाड्यानें आणि नाहींत यांवरचे ते अनुस्वार बघा. उच्चारात नसलेले हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. ओळ बहुधा त्याआधीची, किंवा नंतरची असली तरी जुन्या वळणात शिकलेल्या हाताची. त्या पेंटरला शुद्धलेखन पक्कं येत होतं. दोन्ही टिंबं जिथे हवीत तिथेच आहेत.

ती ओळ पुसण्याआधी फोटो काढा. शक्य असेल तर बटर पेपरवर छाप घ्या.

बो सीट | बुधवार, संध्याकाळी ६.२०

ताई, तुमची भावना पोचली, पण क्लबच्या बाजूनेही थोडं सांगू द्या.

एकट्याची शर्यतीची होडी जवळपास २७ फूट लांब, पाण्याजवळ जेमतेम फूटभर रुंद असते. नियमाप्रमाणे तिचं वजन किमान १४ किलो लागतं, म्हणजे एका शाळकरी पोराएवढंही नाही. तळ एवढा पातळ की आत चढताना पाय ठरलेल्या फळीवरच ठेवायचा, चुकून बाजूला पडला तर आरपार. वल्ही हातातून सुटली की होडी क्षणात उलटते, कारण तोल वल्ह्यांवरच असतो. जुन्या लाकडी होड्या जड होत्या, पण स्वभाव हाच. रविवारी नदीवर फिरायला आलेलं कुटुंब ‘तासाभरासाठी एक होडी द्या’ म्हणत असणार. त्यांना रोज समजावण्यापेक्षा कुणीतरी ती ओळ लिहून घेतली असावी. त्यात हेटाळणीच असेल असं मला वाटत नाही.

वल्ह्यांबद्दल: तुमच्या पाटीवरचं पातं जुन्या पद्धतीचं आहे. १९५९ च्या सुमाराला रुंद, ट्युलिपच्या पाकळीसारखं पातं आलं, त्याला मेकॉन म्हणतात. १९९१ नंतर एका बाजूला झुकलेलं सुऱ्यासारखं पातं आलं आणि दोन-तीन वर्षांत जगभर तेच झालं. कमिटी कदाचित म्हणेल की आता नवीन पातं काढा. कृपा करून काढू नका. जुनं पातं ठेवा. ज्यांना कळतं ते फाटकाबाहेर उभे राहूनच क्लबचं वय ओळखतील.

खाडीवरचा | बुधवार, रात्री ८.४५

बो सीट, होडी नाजूक आहे हे पटलं. आमच्याकडंही अनोळखी माणसाला होडीत घेत नाहीत, समुद्र चेष्टा नाही. पण आम्ही त्याला तोंडानं सांगतो. तो विचारतो, आम्ही सांगतो, दोन शब्द जास्त होतात, कधी एखादा पोरगा रोज येऊन बसायला लागतो आणि वर्षभरानं जाळं ओढायला लागतो. पाटीनं सांगितलं की तो पोरगा फाटकातच परत फिरतो. फरक एवढाच आहे.

चांदवडची | बुधवार, रात्री १०.३०

आज पहिल्यांदाच या धाग्यावर लिहितेय. लग्नानंतर डोंबिवलीत आले, माहेर चांदवड तालुक्यात.

दत्तू भोकनळ आमच्याच तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि टँकर. नदी उन्हाळ्यात कोरडी. विहिरी खोदायचं काम केलेला हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि पुण्याला त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. आधी पाण्याची भीती वाटायची असं त्यानेच सांगितलंय. चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण. आमच्या गावाकडे म्हाताऱ्या बायासुद्धा विचारायच्या, तो कुठला खेळ गं, उलटं बसून खेळतात तो?

मला वाटतं या खेळाला सैन्याचं दार होतं म्हणून दत्तू आत गेला. क्लबच्या फाटकावर ‘होड्या मिळणार नाहीत’ वाचून त्याच्यासारखा मुलगा आत गेला असता का? मला नाही वाटत. बो सीट दादांचं कारण खरं आहे. तरी मला नाही वाटत.

बो सीट | बुधवार, रात्री ११.१०

चांदवडची ताई आणि खाडीवरचे दादा, मान्य. मी आतून पाहत होतो. मी त्या फाटकातून कॉलेजचं ओळखपत्र घेऊन आत गेलो होतो, मला पाटी वाचायची वेळच आली नाही.

माटुंग्याहून | गुरुवार, सकाळी ९.००

स्थापनेच्या सालाबद्दल एक मुद्दा. नोकरीमुळे काही वर्षं कोलकात्यात होतो, रोज सकाळी रवींद्र सरोवराला फेरी. तिथे कलकत्ता रोइंग क्लब आहे, १८५८ चा. पण ते सरोवर खोदलं गेलं १९२० च्या दशकात! म्हणजे साल क्लबचं आहे, जागेचं नाही. क्लब आधी हुगळीवर होता. पाटी वाचणारा मात्र समजतो की १८५८ पासून इथेच होड्या चालतात. तुमच्या क्लबचंही विचारून घ्या. जागा बदलली असेल तर साल नावाला चिकटवून लिहा, फाटकाच्या जागेला चिकटलेलं दिसू नये.

पेंटरची लेक | गुरुवार, रात्री १०.००

माटुंग्याहून, फार उपयोगाचं सांगितलंत. विचारलं. जागा तीच आहे, सुरुवातीपासून. साल वल्ह्यांच्या दोन बाजूंना दोन-दोन आकडे असं विभागून येईल.

आता अक्षरांचं गणित. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळा, पण आमचं पोट याच्यावर आहे.

इंग्रजी कॅपिटल अक्षर सहा इंचाचं म्हणजे सहाच इंच. देवनागरीत शिरोरेषेपासून पायापर्यंत सहा इंच धरले की ‘रो’ची मात्रा आणि ‘इं’चं टिंब वर दोन इंच मागतात. पाटी तीस इंच उंच. वल्ह्यांना सात, मराठीला आठ, इंग्रजीला सहा, खालच्या ओळीला अडीच, मधल्या मोकळ्या जागा, कडा. बसतं, पण गुदमरतं. अक्षराला श्वास लागतो, बाबा म्हणायचे. म्हणून इंग्रजी पाच इंचावर आणतेय. वल्ह्यांची फुली थोडी आडवी पाडली तर अजून एक इंच सुटेल.

दुसरं ल चं. रोइंग क्लब लिहा की वल्हे लिहा, ल येतोच. मराठीचा ल म्हणजे दोन सारख्या वाट्या शिरोरेषेला लटकलेल्या. कॉम्प्युटरमधले बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल काढतात आणि फ्लेक्सवाले तोच छापतात. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा ल आणि श कसा काढायचा ते दिलेलं आहे, तरी रस्त्यावर बघा काय दिसतं. माझ्या पाटीवर मराठी ल येणार.

शब्दाबद्दल मी असं ठरवलंय. नाव हे नाव आहे. शहरातले रिक्षावाले ‘रोइंग क्लब’च म्हणतात, हे मी कमिटीच्या सचिवांना विचारून घेतलं. क्लब शब्द तर कधीचाच मराठी झालाय. म्हणून वर मोठ्या अक्षरात ‘रोइंग क्लब’च ठेवायचा, ह्रस्व इ. ओढूनताणून नौकानयन नाही. वल्हं येणार, पण क्रियापद होऊन, खालच्या ओळीत. जिथे आधी नकार होता तिथे.

मी सचिवांना त्या जुन्या ओळीचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुमच्याकडे बाहेरच्या मुलांना शिकवतात का? म्हणाले, दर उन्हाळ्यात वर्ग असतो, पण फाटकावर कधी लिहिलं नाही, तोंडी कळतं सगळ्यांना. मी म्हटलं, सगळ्यांना म्हणजे कोणाला? ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो.

व्हेलर | गुरुवार, रात्री १०.२५

तुम्ही विचारलंत हेच मोठं काम झालं.

ऱ्हस्वदीर्घ | शुक्रवार, सकाळी ८.१५

क्रियापदाची कल्पना उत्तम. नाम खेळाचं असतं, क्रियापद करणाऱ्याचं.

फक्त ओळ प्रमाण मराठीत लिहा. ‘वल्हवायला शिकायचे असेल तर आत विचारा.’ शिकायचं नको, शिकायचे.

खाडीवरचा | शुक्रवार, सकाळी ८.४०

मला शिकायचं बरं वाटतं. शिकायचे म्हटलं की नोटीस वाटते. फाटकाबाहेर उभ्या माणसाशी बोलायचंय ना?

पेंटरची लेक | रविवार, रात्री ९.३०

कमिटीने होकार दिला! इंग्रजीतली ‘फक्त सभासदांसाठी’ काढायची नाही असं कमिटीतल्या दोघांचं म्हणणं होतं. ती आता फाटकाच्या आतल्या बाजूला, होड्यांच्या शेडवर छोट्या पत्र्यावर जाईल. तिथे ती योग्यच आहे, बो सीट यांनी सांगितलेल्या कारणासाठी. ते कारण मी पत्रात जसंच्या तसं लिहिलं होतं.

काल सकाळी भेगांत लांबी (पुटी) भरून, घासून, प्रायमर मारला. दुपारी गडद हिरवा. आज खडूच्या दोरीने रेघा मारून नाव काढलं आणि संध्याकाळी शेवटची ओळ.

जुन्या ओळीचा छाप बटर पेपरवर घेतला होता, एक प्रत क्लबला जाईल, एक आमच्या भिंतीवर. नवी ओळ मी बरोबर त्याच जागी, त्याच अडीच इंचात काढली. ‘वल्हवायला शिकायचं असेल तर आत विचारा.’ त्यातले र आणि त त्या पेंटरच्याच वळणाचे घेतले. कारागीर बाजूला काठी धरून उभा होता, मी तिच्यावर मनगट टेकवलं आणि ‘विचारा’च्या र ची शेपटी एका दमात सोडली. दोनदा पुसावी लागली. तिसऱ्यांदा जमली.

ऱ्हस्वदीर्घ, माफ करा, ‘शिकायचं’च ठेवलं. त्याच्या ओळीत दोन टिंबं होती, न उच्चारायची. माझ्या ओळीत हे एकच आहे, तेही त्याच्याच टिंबासारखं काढलंय, थोडं चौकोनी, ब्रश टेकवून लगेच उचललेलं.

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, रात्री ९.४५

राहू दे ते टिंब. मला आवडलं.

चांदवडची | रविवार, रात्री १०.०५

ताई, पाटी लागली की फोटो नक्की टाका. माझा भाचा आठवीत आहे, त्याला दाखवायचाय.

पेंटरची लेक | रविवार, रात्री १०.२०

नक्की. इनॅमल दोन दिवस वाळायला हवं, हवेत दमटपणा आहे म्हणून तीन धरते. गुरुवारी टेम्पो. घोंगडीत गुंडाळून, उभी ठेवून पाठवणार, मी सोबत जाणार आहे.